घाटाखालचे टर्बो

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘वस्तूंचं दुसरं आयुष्य’ हा विषय ठरवला, तेव्हा पैठणी, पितळी घंगाळ, वाड्याचे खांब असे सोज्वळ विषय इतरांनी पटापट उचलले. उरली मोटार. ती मी आनंदाने घेतली, कारण दुसरं आयुष्य जगणाऱ्या मोटारी बघायला कुठे जायचं ते मला ठाऊक होतं. शनिवारी सकाळी, चौक फाट्यावर.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेल सोडून पुढे आलं की चौकला डावीकडे कर्जतचा रस्ता फुटतो. फाट्यावरच्या टपरीत चहा घेऊन बसावं आणि वळणाऱ्या गाड्या बघाव्यात. कोऱ्या करकरीत गाड्या असतात, पण थोड्या. जास्त दिसतात त्या आठ-दहा वर्षांपूर्वीच्या मर्सिडीज ई-क्लास, ऑडी क्यू फाइव्ह, बीएमडब्ल्यू एक्स वन, व्होल्वो एक्ससी सिक्स्टी. हेडलाइटवर पिवळट झाक आलेली, चाकाची रिम फुटपाथला घासलेली. नंबरप्लेटी मुंबई-ठाण्याच्या ०१, ०२, ०४ च्या, नव्या मुंबईच्या ४३ च्या, पनवेलच्या ४६ च्या. मधूनच एखादी दिल्लीची किंवा पुदुच्चेरीची.

या गाड्या इथे येण्याला कारणं आहेत. मुंबईच्या घरात नवी गाडी आली की जुनी ‘फार्महाउसला असू दे’ म्हणून कर्जतला पाठवली जाते. कशेळे, कडाव, नेरळ, वावर्ल्याच्या बाजूला अशा कितीतरी गाड्या पत्र्याच्या शेडखाली आहेत. दुसरीकडे, गेल्या वीस वर्षांत ज्यांच्या जमिनीला भाव आला त्यांची पुढची पिढी. कोणी लग्नाचं लॉन काढलं, कोणी खडीचा धंदा, कोणी प्लॉटिंग. पनवेल-कर्जत नव्या उपनगरी मार्गाचं काम सुरू झाल्यापासून तर या पट्ट्यात एजंट नाही असं घर सापडणं कठीण. गिऱ्हाइकाला प्लॉट दाखवायला जाताना दारात तीन अक्षरी जर्मन नाव असलं की बोलणी सोपी होतात. नवी असताना पन्नास-साठ लाखांना मिळणारी गाडी आठ-दहा वर्षांनी दहा-पंधरा लाखांत मिळते. म्हणजे मधल्या बांध्याच्या नव्या देशी एसयूव्हीच्या भावात. मोह होणारच.

अडचण एवढीच की गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पंधरा लाखांच्या गाडीला टर्बो लागतो तो साठ लाखांच्या गाडीचाच, आणि त्याचं बिल लाखाच्या घरात जातं. मर्सिडीज चाकणला जुळते, ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. म्हणून त्यांचा माल देशी भावात मिळेल, असं समजणाऱ्यांची समजूत पहिल्याच सर्व्हिसला दूर होते.

दस्तुरी नाक्यावरची किल्ली

टर्बोला काय सोसावं लागतं हे समजायला नेरळ-माथेरान घाटासारखी शाळा नाही. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर. तिथून सात-आठ किलोमीटरच्या रस्त्यात गाडी सातशे मीटरच्या आसपास वर चढते. वळणं इतकी आवळलेली की पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जायची सोय नाही. वर दस्तुरी नाका. त्यापुढे माथेरानात खासगी मोटारींना बंदी, म्हणून आलेली प्रत्येक गाडी इथे थांबते. आणि थांबते म्हणजे कशी? शेवटचा चढ पूर्ण दाबून, वाहनतळात नाक खुपसून, लगेच इंजिन बंद. दारं उघडतात, पोरं घोड्यांकडे धावतात.

त्या क्षणी बॉनेटखाली काय चाललेलं असतं ते बघू. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर वाया जाऊ न देता त्याच्या जोराने एक चक्र फिरवायचं, त्याच दांडीवर दुसऱ्या टोकाला बसवलेल्या चक्राने हवा दाबून इंजिनात कोंबायची, ही टर्बोची सगळी युक्ती. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येतं. म्हणून दोन लिटरचं इंजिन तीन लिटरचं काम करतं. पण हे करताना बोटापेक्षा बारीक ती दांडी मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जाते. एका बाजूला डिझेल गाडीत सात-आठशे अंशांचा, पेट्रोल गाडीत त्याहूनही गरम धूर. दुसऱ्या बाजूला बाहेरची गार हवा. आणि मध्ये दांडीला धरून ठेवणारा तेलाचा पापुद्रा, मिलिमीटरच्या काही शतांशांचा. दांडी धातूवर टेकतच नाही, तेलावर तरंगते. ते तेल इंजिनाचंच असतं आणि इंजिनाचाच पंप ते पाठवत असतो.

आता किल्ली फिरवली. पंप थांबला, तेल थांबलं. टर्बाइनच्या लालभडक डब्यातली उष्णता मात्र थांबत नाही, ती दांडीच्या दिशेने सरकते आणि तिथे अडकलेलं चमचाभर तेल जळतं. कढईच्या कडेला जळून बसलेल्या तेलाचा जसा काळा थर होतो आणि घासून निघत नाही, तसाच थर बेअरिंगवर, तेलाच्या बारीक वाटेत साठतो. एकदाने काही होत नाही. शंभरदा झालं की तेलाची वाट अरुंद होते, मग दांडी कोरडी फिरते.

नव्या गाड्यांत यावर तोड काढली आहे. टर्बोभोवती कूलंटचं पाणी फिरतं, आणि गाडी बंद झाल्यावरही एक छोटा इलेक्ट्रिक पंप काही वेळ ते फिरवत राहतो. जोडीला कधीकधी पंखाही चालू राहतो. पण दुसऱ्या मालकाच्या गाडीत तो पंप चालतो की नाही, हे बघितलंय कोणी? कूलंट कमी असेल तर तो हवाच ढवळत बसतो.

उपाय फुकट आहे. शेवटचा एखादा किलोमीटर पाय हलका ठेवून चालवायचा आणि थांबल्यावर अर्धा-एक मिनिट इंजिन नुसतं चालू ठेवायचं. पाच-पाच मिनिटं घरघर करत ठेवण्यात अर्थ नाही; त्याने डिझेल इंजिनात काजळी धरते. दस्तुरीला गंमत अशी की रविवारी पार्किंगसाठी रांग लागते आणि रखडता रखडता टर्बो आपोआप निवतो. मालक वैतागलेला असतो, पण गाडीसाठी ते बरं. खरं नुकसान मंगळवार-बुधवारी, वाहनतळ मोकळा असताना.

हाच प्रकार बोरघाट चढून लोणावळ्यात चिक्कीला थांबणाऱ्यांचा. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत इंजिन दमलेलं असतं, आणि दुकानासमोर गाडी लावताच, कधीकधी मालकाच्याही आधी, ऑटो स्टार्ट-स्टॉपची यंत्रणा इंजिन बंद करते. घाट चढून आल्यावर ती बंद ठेवायचं बटण आधीच दाबावं. आणि चढताना गाडी ‘इको’त ठेवू नये. पेट्रोल वाचवायच्या नादात गिअरबॉक्स वरचा गिअर धरून बसतो, इंजिन तेराशे-चौदाशे फेऱ्यांवर कण्हतं आणि टर्बोवर सगळा भार येतो. ‘स्पोर्ट’ किंवा हाताने गिअर टाकायची सोय वापरून इंजिन दोन-अडीच हजारांवर ठेवलं की आवाज वाढतो, पण त्रास कमी होतो. उतरताना तोच गिअर ब्रेक वाचवतो.

यंत्राने चढापाशी दम खाणं ही कर्जतला नवी गोष्ट नाही. १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग सुरू झाला तेव्हापासून. चढ ३७ फुटांना एक फूट. त्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडतात. ती जोडून होईपर्यंत प्रवासी दिवाडकरांचा वडा खातात. रेल्वेने घाटापुढे नमतं घेतलं, वर वड्याची सोयही झाली. मोटारवाला मात्र नमत नाही.

बोटाने फिरवून बघणं

खोपोलीत शिळफाट्याच्या बाजूला अशा गाड्यांचं काम करणारी गॅरेजं आहेत. त्यातल्या एकात बराच वेळ बसायला मिळालं. तिथले मिस्त्री, म्हणजे गॅरेजचे मालकच, पूर्वी कंपनीच्या वर्कशॉपात होते. आता स्वतःचं दोन लिफ्टचं दुकान, तीन पोरं हाताखाली आणि लॅपटॉपवर चालणारा स्कॅनर. नाव छापू नका म्हणाले, गिऱ्हाइकं ओळखतील.

लिफ्टवर ई-क्लास डिझेल होती. तक्रार नेहमीची. घाटात पिकअप मरतो, मागून काळा धूर, मीटरवर इंजिनचा दिवा, आणि मग गाडी साठच्या वर जायलाच तयार नाही. म्हणजे ‘लिंप मोड’. गाडीच्या संगणकाला काही बिघडल्याचा संशय आला की तो ताकद कापून टाकतो. गाडीवाल्याला कोणीतरी सांगितलं होतं की टर्बो गेला.

मिस्त्रींनी स्कॅनर लावला, कोड वाचला, आणि तो बाजूला ठेवून दिला. मग हवेचा जाड पाइप सोडवला आणि टर्बोच्या तोंडाशी टॉर्च धरला. आत अॅल्युमिनियमचं चक्र, पाती फुलाच्या पाकळ्यांसारखी वळलेली. त्यांनी मधला नट दोन बोटांत धरला, आधी फिरवून बघितला. चक्र विनाआवाज फिरलं. मग नट वर-खाली हलवला, किंचित हललं. मला वाटलं, गेला. ते मान हलवत म्हणाले, “एवढं पाहिजेच. तेल नाही ना आता आत. तेल भरलं की बसतो.” मग नट स्वतःकडे ओढला, आत ढकलला. इथे मात्र काहीही हललं नाही. आत-बाहेरची ही चाल जाणवली असती तर टर्बो संपला. शेवटी बोटाचं टोक एकेका पात्याच्या कडेवरून फिरवलं. कड गुळगुळीत. धुळीने किंवा सुटलेल्या कणाने खाल्लेली असती तर बोटाला कळलं असतं.

टर्बो शाबूत होता. दोष निघाला तो दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होजमध्ये. खालच्या बाजूने, जिथे नजर जात नाही तिथे, वितभर चीर. टर्बो दाबलेली हवा पाठवत होता आणि ती तिथून सुटत होती. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर. कोणी डोळे मिटून टर्बो बदलला असता तर लाखभर रुपये जाऊन गाडी होती तशीच राहिली असती. कोड फक्त हवेचा दाब कमी आहे एवढंच सांगतो, तो का कमी आहे ते हातानेच शोधावं लागतं.

धुराच्या रंगावरून इथे निदानाची सुरुवात होते. काळा म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त. निळा म्हणजे तेल जळतंय. टर्बोच्या सीलमधून, नाहीतर पिस्टनच्या रिंगांतून. पांढरा, गोडसर वासाचा आणि सुटतच नसेल तर कूलंट आत जातंय, म्हणजे गॅस्केट किंवा त्याहून वाईट. डिझेल टर्बोत धुराचा मारा कमी-जास्त करणारी हलती पाती असतात. ती काजळीने अडकली की गाडी गरम झाल्यावर दगा देते, बंद करून सुरू केली की पुन्हा ठणठणीत. मालक म्हणतो, “आपोआप बरी झाली.” नंतर पुन्हा आजारी पडते.

आणि टर्बो खरंच गेला असेल तर? मग तो का गेला हे न शोधता नवा बसवणं म्हणजे तोही घालवणं. तेलाची बारीक नळी आतून जळक्या थराने भरलेली असते, ती बदलायची. इंटरकूलरमध्ये साचलेलं तेल काढायचं. तुटलेल्या पात्याचे कण कुठे अडकलेत ते बघायचं. आणि बसवल्यावर पहिला सेल मारण्यापूर्वी टर्बोत हाताने तेल घालायचं, नाहीतर पहिले काही सेकंद तो कोरडाच फिरतो.

तेलाचं राजकारण

गॅरेजमधला सगळ्यात मोठा वाद तेलावर होतो. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं. टर्बो गाडी घाटात वापरायची असेल तर इथले मिस्त्री सात-आठ हजारांवर तेल बदलायला सांगतात. गिऱ्हाइकाला वाटतं बिल वाढवायची युक्ती. मला मिस्त्रींचं पटतं. टर्बोचा सगळा जीव त्या पापुद्र्यावर असेल, तर सहा-साडेसहा लिटर तेल वर्षातून एकदा जास्त घालण्याचा खर्च टर्बोच्या बिलापुढे काहीच नाही.

पण कर्जतच्या गाड्यांत गोष्ट वेगळीच आहे. फार्महाउसची गाडी वर्षाला चार हजार किलोमीटरही फिरत नाही. मालक मीटर बघतो आणि म्हणतो, अजून वेळ आहे. तेल मात्र दिवस मोजतं. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, तेलात ओल धरते, न जळलेलं इंधन मिसळतं. तीन वर्षांचं, सहा हजार किलोमीटरचं तेल हे नवं नसतं.

डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ लिहिलंय म्हणून कुठलंही घालता येत नाही. मर्सिडीजचा २२९.५१, बीएमडब्ल्यूचा लाँगलाइफ-०४, फोक्सवॅगन-ऑडीचा ५०७.०० असे ज्या त्या कंपनीचे मान्यता-क्रमांक डब्याच्या मागे छापलेले असतात, ते बघायचे. हे तिन्ही कमी राख सोडणारे आहेत, कारण डिझेलच्या नळकांड्यात काजळी गाळणारा डीपीएफ असतो आणि तेलाची राख त्यात कायमची बसते. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस सहा मानक आलं, तेव्हापासून तो हमखासच. आधीच्याही काही गाड्यांत आहे. काजळी जाळायला त्याला पंधरा-वीस मिनिटं एका वेगाने गाडी चालायला हवी. कर्जत स्टेशन ते फार्महाउस, फार्महाउस ते बाजार, असं केलं की जाळणं अर्धवट राहतं आणि त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल तेलात उतरतं. तेलाची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नये. त्यात यातल्या बऱ्याच गाड्यांना डिपस्टिकच नाही, पातळी पडद्यावर बघावी लागते, आणि बघणारे विरळा. औषध दाराशी आहे. महिन्यातून दोनदा द्रुतगती मार्गावर जाऊन सलग चालवून यायचं. डीपीएफ पोकळ करून देणारेही भेटतात. तो कायद्याने गुन्हा, आणि मागच्या गाडीवाल्याच्या फुप्फुसांशी बेइमानी.

गिअरबॉक्सच्या तेलाची कथा तर लबाडीचीच. आठ गिअरचा झेडएफचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बीएमडब्ल्यूपासून जॅग्वारपर्यंत अनेकांनी वापरला. त्यातलं तेल आयुष्यभर चालतं, असं गाडी विकणाऱ्या कंपन्या सांगत आल्या. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र वापर कसा आहे त्यावर ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदला म्हणते. पहिला मालक तोवर गाडी विकून मोकळा झालेला असतो. हा खर्च दुसऱ्याने धरूनच गाडी घ्यावी.

पाच दिवस आंब्याखाली

ही सगळी पाहणी करताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली : इथल्या गाड्या चालून मरत नाहीत, उभ्या राहून मरतात. सोमवार ते शुक्रवार आंब्याखाली, शनिवारी एकदम घाट.

कडावच्या पुढे एका फार्महाउसवर अशी ऑडी बघितली. राखणदार काका रोज फडक्याने पुसतात, वरून लखलखीत. सोबत आलेल्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि काचेच्या खालचं, वायपरच्या बुडाशी असलेलं काळं प्लास्टिक उचललं. खाली वर्षानुवर्षांचा पाला. आंब्याची पानं, वाळका मोहर, माती, सगळ्याचा ओला काळा लगदा. त्याने बोट घालून तळातलं भोक शोधलं, तारेने टोकरलं, आणि भळकन पाणी खाली पडलं. पावसाचं पाणी बाहेर जायची वाट तीच. ती तुंबली की पाणी केबिनमध्ये शिरतं, गालिच्याखालच्या वायरिंगला लागतं. सनरूफच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्यांचंही तेच. कर्जतला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जर्मनीत बसून ही भोकं आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो नव्हता. पाऊस सुरू होण्यापूर्वी आणि दिवाळीच्या आसपास, दोनदा ही भोकं साफ केली की हजारोंचं काम वाचतं. खर्च तारेचा.

उंदीर हा दुसरा वैरी. भाताचं कोठार शेजारी आणि बॉनेटखाली उबदार, कोरडी, निवांत जागा. ते वायरी कुरतडतात, इन्सुलेशनची गादी पोखरून घरटं करतात. तंबाखूच्या पानापासून फवाऱ्यापर्यंत सगळे उपाय लोक सांगतात. मला खात्रीचा एकच दिसला, गाडी सारखी हलवणं आणि बॉनेट उघडून बघणं.

बॅटरीचं तसंच. या गाड्या बंद असतानाही झोपत नाहीत. किल्लीची वाट बघणारे, अलार्मवाले, संगणकवाले सगळे थोडी थोडी वीज पितात. तीन आठवडे उभी राहिली की बॅटरी बसते, आणि कमी दाबाच्या विजेवर गाडी सुरू करायचा हट्ट केला की मीटरवर भलभलत्या चुकांची जत्रा भरते. फार्महाउसवर वीज असतेच. बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर लावून ठेवावा. आणि दर शनिवारी दहा मिनिटं ‘नुसती चालू करून’ ठेवण्याची जी पद्धत आहे ती बंद करावी. त्याने बॅटरी भरत नाही, तेल तापत नाही, ओल तेवढी वाढते. चालवायची तर अर्धा तास चालवावी, नाहीतर हात लावू नये.

पेट्रोल गाड्यांना आता इथेनॉलची जोड मिळाली आहे. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के मिश्रण आलं. २०२३ च्या आधी बनलेल्या कितीतरी गाड्यांच्या इंधनाच्या झाकणाआड दहा टक्क्यांपर्यंतच चालेल, असं लिहिलेलं दिसतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल साठून राहत नाही. महिनाभर अर्ध्या टाकीवर उभ्या असलेल्या गाडीत कोकणातल्या पावसाळी हवेशी त्याची ओळख वाढते. तेव्हा पावसाळ्यात उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवावी, आणि इंधनाच्या नळ्यांची रबरं सर्व्हिसला बघून घ्यावीत.

कूलंटबद्दल एकच सांगतो. बोअरचं पाणी त्यात घालू नये, कितीही नितळ दिसलं तरी. क्षार धरतात, आणि या गाड्यांचे थर्मोस्टॅट, पाण्याच्या टाक्या, नळ्यांची तोंडं प्लास्टिकची. दहा वर्षांच्या उन्हाने ती बिस्किटासारखी झालेली असतात. घाटातल्या कोंडीत ती फुटायची वाट न बघता आधीच बदलणारा मालक शहाणा.

उल्हासचं पाणी

जुलै २०२१ च्या पुरात उल्हास नदी काठाबाहेर आली, तेव्हा कर्जतकरांनी गाड्या तरंगताना बघितल्या. एरवीही तालुक्यातले सखल पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातात. जर्मन सेडानची हवा ओढायची जागा पुढे जाळीपाशी असते. पाणी चाकाच्या निम्म्यावर असलं तरी समोरून डंपर आला की लाट थेट तिथे. हवेऐवजी पाणी ओढलं गेलं की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारायचा नाही, हे एकच वाक्य पाठ करावं. ढकलून बाहेर काढावी, उचलून न्यावी. सेल मारून नुकसान केलं असं दिसलं की विमा कंपनी हात वर करते, आणि ‘इंजिन प्रोटेक्ट’चं जादा कलम नसेल तर मुळातच करते.

दिल्लीहून आलेली

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. नंतर आदेशांत फेरफार होत राहिले, पण तोवर दिल्लीच्या आलिशान डिझेल गाड्यांना स्वस्तात बाहेर जायची वाट पडली होती. आपल्याकडे पंधरा वर्षांनी नोंदणी नव्याने करून, हरित कर भरून गाडी पुढे चालवता येते. म्हणून त्या इथे येतात. गाडी वाईट असेलच असं नाही. पण तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला कर याचा हिशेब आधी करावा, नाहीतर स्वस्ताई कागदातच जिरते.

दिल्लीची असो की इथली, जुनी गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला सांगावं, आम्ही येण्याआधी गाडी सुरू करू नका. तरी पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवावा. गरम असेल तर काहीतरी लपवलंय. थंड इंजिनाचा पहिला सेल, साखळीचा खडखडाट, पहिला धूर, हे सगळं त्या अर्ध्या मिनिटात कळतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. पुरात गेलेली गाडी वरून कितीही धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. महाड-चिपळूणच्या पुरानंतर तर हे विसरू नये. चासी नंबरवरून कंपनीकडची सर्व्हिसची नोंद काढावी. मीटर मागे घेतलेला असला तरी इतर मोड्यूलमध्ये कधीकधी खरा आकडा सापडतो.

आणि कमी किलोमीटरला भुलू नये. दीड लाख किलोमीटर पुण्या-मुंबईत सलग धावलेली, दरवर्षी बिलं असलेली डिझेल गाडी मी तीस हजार चाललेल्या, सहा वर्षं शेडखाली उभ्या असलेल्या गाडीपेक्षा आधी घेईन. खोपोलीच्या मिस्त्रींनी मला सांगायच्या आधी मी उलट म्हटलं असतं. बाजारही अजून उलटच म्हणतो, म्हणून तर पहिली स्वस्त मिळते. विकत घेतल्यावर चाकं, स्टिरिओ, ‘स्टेज वन’ वगैरेवर खर्च करायची घाई तरुणांना असते. संगणक बदलून टर्बोचा दाब वाढवता येतो, खरंय. पण वाढलेला दाब म्हणजे वाढलेली उष्णता, आणि ती सोसायची दहा वर्षांच्या बेअरिंगने. तेच पैसे सगळी तेलं, फिल्टर, होज, कूलंटवर घालावेत. खालापुरातल्या खडी क्रशरच्या धुळीत हवेचा फिल्टर तर पुस्तकातल्या निम्म्या अंतरावरच बघावा. स्वस्त फिल्टरच्या कडेने आत गेलेली धूळ थेट त्या पाकळ्यांवर आदळते.

कुठवर

सोडून कधी द्यायची, हा प्रश्न मिस्त्रींना विचारला. त्यांचा हिशेब साधा. वर्षाला गाडीच्या आजच्या किमतीच्या दहा टक्के दुरुस्तीला लागले तर चालवा. एकाच कामाला निम्मी किंमत लागत असेल तर थांबा. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एन ४७ डिझेल इंजिनात टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे. ती वाजायला लागली की गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. अशी गाडी चेन तुटल्यावर आली तर ते दुरुस्तीचा आग्रह धरत नाहीत.

मग ती गाडी कुर्ल्याला, सीएसटी रोडला जाते. तिथे तिचे दरवाजे, हेडलाइट, सीटा, गिअरबॉक्स वेगवेगळे होतात, आणि ज्याला नव्या हेडलाइटचा भाव ऐकून घाम फुटला असा कोणीतरी फोन करतो. मी निघालो तेव्हा ई-क्लासला नवा होज बसला होता, जुना चिरलेला मालकाला दाखवायला बाकावर ठेवला होता. शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक हेडलाइट होता. संध्याकाळी कर्जतहून एक लॉनवाले शेठ येणार होते, त्यांच्या एक्स वनसाठी.